लिव्हरवर चरबी आली? मग नाडीही बघा

यवतमाळ जिल्ह्यातल्या वस्त्यांमध्ये तपासणीसाठी आम्ही जातो, तेव्हा बायामाणसं घरातली जुनी फाइल पिशवीत घालून आणतात. त्या फाइलीत हल्ली एक कागद हमखास सापडतो. पोट दुखत होतं, पित्ताचा खडा आहे का बघायचं होतं, किंवा ऑपरेशनच्या आधी सांगितलं होतं, म्हणून कधीतरी सोनोग्राफी केलेली असते. रिपोर्टच्या शेवटी एक ओळ असते : ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’. डॉक्टर काय म्हणाले, असं विचारलं की उत्तर ठरलेलं : “काही नाही म्हणे. थोडी चरबी आहे, तेलकट खाऊ नका म्हणाले.”

कागद पुन्हा पिशवीत जातो. त्या माणसाचं बीपी मोजलेलं नसतं, साखर तपासलेली नसते, आणि मनगटावर बोटं ठेवून नाडी तर कोणीच पाहिलेली नसते.

या वेळी आम्ही त्या कागदाबद्दलच लिहीत आहोत. लिव्हरवरच्या चरबीचा संबंध हृदयाशी आहे, हृदयाच्या ठोक्यांच्या तालाशीही आहे. तो ताल बिघडला आणि वेळेत कळला नाही, तर लकवा मारू शकतो. घरातला कमावता माणूस खाटेवर पडला की आपल्या घरांचं काय होतं, हे वेगळं सांगायला नको. मजुरी बुडते, बचत गटाचा हप्ता थकतो, पोरीची शाळा सुटते. आणि हे सगळं टाळण्याची सुरुवात एका मिनिटाच्या, फुकटच्या तपासणीने होऊ शकते.

चरबी का साठते?

लिव्हर, म्हणजे यकृत, पोटाच्या उजव्या बाजूला बरगड्यांखाली असतं. मोठ्या माणसात त्याचं वजन दीड किलोच्या आसपास भरतं. जेवणातली साखर साठवणं, लागेल तशी रक्तात सोडणं, चरबीची ने-आण करणं, औषध आणि विष निकामी करणं, अशी कितीतरी कामं ते रात्रंदिवस करतं. निरोगी लिव्हरमध्येही थोडी चरबी असते. ती पाच टक्क्यांच्या वर गेली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात.

दारू हे त्याचं एक मोठं कारण. पण दारूला कधी हात न लावलेल्या बायांनाही फॅटी लिव्हर होतं. गोड चहा, बिस्किटं, मैदा, पोटभर भात, तळण हे रोज जास्त पोटात जातं. हालचाल कमी होते. मग शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं आणि जास्तीची साखर चरबी होऊन लिव्हरमध्ये साठू लागते. म्हणूनच मधुमेह, वाढलेलं बीपी, रक्तातली चरबी आणि फॅटी लिव्हर ही चौकडी बहुतेक वेळा सोबतच सापडते. २०२३ मध्ये जगभरातल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी या आजाराचं इंग्रजी नावच बदललं. नव्या नावात ‘चयापचयाचा बिघाड’ हे शब्द आले, कारण मूळ तिथेच आहे.

आधी नुसती चरबी असते. मग काहींच्या लिव्हरला सूज येते, सुजेतून व्रण पडतात आणि शेवटी काहींना सिरोसिस होतो. या वाटेला वर्षानुवर्षं लागतात. सुरुवातीच्या टप्प्यातून माणूस परत येऊ शकतो, हे नीट लक्षात ठेवा.

“आम्ही तर काडीसारखे!”

वस्तीत हे बोललं की लगेच कोणीतरी म्हणतं, “मॅडम, हे श्रीमंतांचे आजार. आमच्या अंगावर मांस कुठे आहे?”

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याच प्रश्नावर वर्षानुवर्षं काम केलं. १९९३ पासून त्यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची होती, तर इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली ३.५ किलोची. आपल्या बाळांचे हातपाय, स्नायू बारीक होते, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. म्हणजे दिसायला बारीक, आत चरबी.

२००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच आकडे छापले. उंची आणि वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच होता, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. वजनकाट्याला दोघं सारखेच वाटले असते.

पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातल्या गरीब खेड्यांमधला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे शंभरातल्या जवळपास नऊ मोठ्या माणसांना फॅटी लिव्हर निघालं, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांचं ना वजन जास्त होतं, ना पोट सुटलेलं होतं. मुंबईत दोन रेल्वे वसाहतींत तपासणी झाली होती. तिथे दर सहा माणसांमागे एकाला हा त्रास दिसला. दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये देशभरातले अभ्यास एकत्र केले, तेव्हा मोठ्या माणसांमध्ये हे प्रमाण ३८ टक्क्यांवर भरलं.

आईच्या पोटात असताना अन्न कमी मिळालं आणि पुढे आयुष्यात स्वस्त गोड-तेलकट अन्न हाताशी आलं, तर शरीराला ते पेलत नाही. पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या घरांना ही गोष्ट इतरांपेक्षा लवकर समजेल. म्हणून वजनापेक्षा कंबर मोजा. बेंबीच्या रेषेत टेप लावा. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर आणि पुरुषाची ९० च्या वर असेल, तर अंग बारीक दिसलं तरी तपासणी करून घ्या.

लिव्हरचा बिघाड हृदयापर्यंत कसा पोचतो?

चरबीने सुजलेलं लिव्हर रक्तात जास्त साखर, जास्त चरबी आणि सूज वाढवणारे पदार्थ सोडत राहतं. हे रक्त हृदयातूनच फिरतं. अशा लोकांच्या हृदयाभोवतीही चरबीचा थर वाढलेला दिसतो. बीपी वाढतं, हृदयाच्या वरच्या कप्प्यांवर ताण येऊन ते मोठे होतात, त्यांच्या भिंतीत बारीक व्रण पडतात.

हृदयाचा प्रत्येक ठोका विजेच्या एका बारीक झटक्याने पडतो. वीज नेहमीच्या वाटेने गेली तर ठोका तालात पडतो. वाटेत व्रण आणि चरबी आली की वीज भरकटते. मग वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, मिनिटाला तीनशेहूनही जास्त वेळा. याला डॉक्टर ‘एट्रियल फिब्रिलेशन’ म्हणतात. अशा थरथरत्या कप्प्यात रक्त साचतं, साचलेल्या रक्ताची गुठळी होते, आणि ती मेंदूत गेली की लकवा मारतो. हा विकार असलेल्या माणसाला लकव्याचा धोका इतरांपेक्षा सुमारे पाचपट असतो.

लिव्हर खराब झालेल्या काही लोकांच्या ईसीजीत ‘क्यूटी’ नावाचं अंतर लांबलेलं दिसतं. त्यानेही ठोक्यांचा ताल बिघडू शकतो. ॲझिथ्रोमायसिन, डॉमपेरिडोनसारखी काही औषधं हे अंतर आणखी लांबवतात. म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेऊ नका. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी “मला फॅटी लिव्हर आहे” हे आधी सांगा.

अभ्यास काय म्हणतात, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. इटलीतल्या वेरोना शहरात ४०० मधुमेही रुग्णांवर दहा वर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्यातल्या ४२ जणांना हा ताल बिघडण्याचा विकार झाला, आणि ज्यांना फॅटी लिव्हर होतं त्यांच्यात धोका कित्येक पटींनी जास्त आढळला. हा अभ्यास २०१३ चा. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांतही संबंध दिसला. मात्र अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासात २०१७ मध्ये तसा स्वतंत्र संबंध दिसला नाही. म्हणजे फॅटी लिव्हर असलेल्या प्रत्येकाचा ताल बिघडेल, असं मुळीच नाही. घाबरून जाऊ नका. पण एका गोष्टीवर डॉक्टरांचं एकमत आहे : फॅटी लिव्हर असलेली माणसं लिव्हरच्या आजारापेक्षा हृदयाच्या आजाराने जास्त दगावतात. म्हणून लिव्हरचा कागद हातात आला की हृदयाकडे बघायचं.

नाडी कशी बघायची?

हे काम परिचारिकेचंच आहे असं नाही. सातवी-आठवीतली पोरगीही शिकू शकते.

पाच मिनिटं शांत बसा. त्याआधी अर्धा तास चहा, खर्रा, बिडी नको. डाव्या हाताचा तळवा वर करा. अंगठ्याच्या खाली, मनगटाच्या कडेला उजव्या हाताची मधली तीन बोटं हलकेच ठेवा. अंगठ्याने नाडी बघू नका, त्याची स्वतःचीच नाडी जाणवते. सेकंदकाटा बघत पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सवय इथे चालत नाही, कारण आपल्याला आकड्यासोबत तालही बघायचा आहे.

बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी साधारण ६० ते १०० च्या मध्ये असते. ताल घड्याळाच्या टिकटिकीसारखा सारखा असावा. ताल बिघडलेली नाडी टिनाच्या पत्र्यावर सुरुवातीला पडणाऱ्या टपोऱ्या थेंबांसारखी लागते. दोन लागोपाठ, मग खंड, मग तीन पटापट, एक जोरात, एक हलका. एखादा ठोका क्वचित चुकणं चांगल्या माणसातही होतं. पण पूर्ण मिनिटभर ताल सापडतच नसेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन ईसीजी काढा.

छातीत फडफड, थोडं चाललं की धाप, चक्कर, कारण नसताना थकवा ही लक्षणं असू शकतात. पुष्कळांना काहीच जाणवत नाही, म्हणून तर बोटं ठेवून बघायचं. आणि बायांच्या धडधडीला “टेन्शन आहे”, “अंगात येतंय” म्हणून सोडून देऊ नका. ताल बिघडण्याची इतरही कारणं असतात. लहानपणी सांधेताप येऊन हृदयाची झडप खराब झालेली असणं, थायरॉईड, जुनं बीपी. ईसीजी आणि डॉक्टरच ते ठरवतील.

तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही अचानक झालं तर १०८ ला फोन लावा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. मांत्रिकाकडे किंवा लकव्याच्या झाडपाल्याकडे नेण्यात ते तास गेले की परत येत नाहीत.

दारू आणि खर्रा

देशी असो, मोहाची असो की महागडी असो, दारू लिव्हर आणि हृदयाचा ताल दोन्ही एकदम बिघडवते. सुट्टीच्या दिवशी भरपूर प्यायल्यावर ठोके बिघडून दवाखान्यात येणारे रुग्ण बघून अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९७८ मध्येच या प्रकाराला ‘हॉलिडे हार्ट’, म्हणजे सुट्टीचं हृदय, असं नाव दिलं. ऑस्ट्रेलियात ताल बिघडलेल्या १४० पिणाऱ्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना दारू सोडायला सांगितली होती. पीत राहिलेल्यांपैकी ७३ टक्के लोकांना सहा महिन्यांत पुन्हा त्रास झाला, सोडणाऱ्यांपैकी ५३ टक्क्यांना. ज्यांनी पाचवं शील रोज म्हटलं आहे, त्यांना आम्ही वेगळं काय सांगणार? फक्त एवढंच, की रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर थरकाप, झटके येऊ शकतात. त्याला टोमणे मारू नका, सरकारी दवाखान्यात नेऊन औषधाच्या आधाराने सोडवा.

पानठेल्यावरच्या खर्ऱ्यातली तंबाखू ठोके आणि बीपी वाढवते. त्यात आजकाल बाया आणि शाळकरी पोरंही आहेत. लिव्हरचा कागद हातात असलेल्याने खर्रा बंद करायलाच हवा.

ताटात काय, दिवसभरात काय

महागडं काही लागत नाही. आपलं जुनं ताट आठवा. ज्वारीची भाकर, तुरीचं घट्ट वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, कांदा. कापूस आणि सोयाबीनने जिल्ह्यातली ज्वारी मागे सारली, रेशनवर तांदूळ आणि गहू येतो, हे आम्हाला माहीत आहे. मग निदान ताटाचं माप बदला. भाताचा डोंगर अर्धा करा. त्या जागी दाळ, भाजी, उकडलेलं अंडं किंवा सोयाबीनच्या वड्या घ्या.

सगळ्यात आधी चहा बघा. एका कपात दोन चमचे साखर, दिवसात पाच कप, म्हणजे दहा चमचे. ती पन्नास ग्रॅम होते. दिवसभरात पंचवीस ग्रॅमच्या आत राहायला हवं. थंड पेयाची बाटली आणि बिस्किटाचा पुडा वेगळाच. पाच माणसांच्या घरात महिन्याला अडीच लिटर तेल पुरायला हवं. आलूबोंडा, समोसा रोज नको. जयंतीला, पौर्णिमेला बुंदी खाल्ली तर काही बिघडत नाही.

निंदणाला, वेचणीला जाणाऱ्या बाईला व्यायाम शिकवायला आम्ही जात नाही. पण ऑटो चालवणारा, शिलाई मशीनवर बसणारी, रात्रपाळीचा चौकीदार, दुकानात बसणारा पोरगा यांना आठवड्यात निदान दीडशे मिनिटं झपझप चालायला हवं.

वजन जास्त असेल तर साठ किलोच्या माणसाने तीन किलो उतरवलं की लिव्हरवरची चरबी कमी होऊ लागते. सहा किलो उतरवलं तर सूज आणि व्रणही भरू शकतात. बारीक माणसालाही दोन-तीन किलोचा फायदा होतो. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये दाखवलं, की ज्या रुग्णांनी दहा टक्के वजन उतरवून टिकवलं त्यांचा हृदयाचा ताल नीट राहण्याची शक्यता सहापट वाढली. एकच उपाय दोन्हीकडे लागू पडतो. मात्र उपाशी राहून झटपट वजन उतरवू नका, त्याने लिव्हरला त्रास होतो.

‘लिव्हर टॉनिक’च्या बाटलीने चरबी विरघळत नाही. ते पैसे अंड्यांना लावा. झाडपाल्याचा काढा निरुपद्रवीच असतो, हाही गैरसमज आहे. करोनाच्या काळात गुळवेलीचं सेवन केल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली.

दवाखान्यात काय मागायचं?

फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने फॅटी लिव्हरचा समावेश मधुमेह, हृदयविकार, कर्करोग आणि पक्षाघाताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. म्हणजे ही तपासणी कोणाची मेहेरबानी नाही.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा ‘सीबॅक’ फॉर्म आशाताई भरतात. त्यात कंबरेचं माप, तंबाखू, दारू, घरातला बीपी-मधुमेह हे सगळं असतं. अंदाजाने भरू देऊ नका, “ताई, टेप लावा” म्हणा. गुण चारच्या वर गेले तर उपकेंद्रात तपासणीला आधी बोलावलं जातं.

लिव्हरवर चरबी निघाली असेल तर बीपी, उपाशीपोटी साखर, रक्तातली चरबी, एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट आणि ईसीजी एवढं सांगा. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या चार गोष्टींवरून डॉक्टर ‘फिब-४’ नावाचा हिशेब करतात. तो १.३ च्या खाली असेल तर व्रणांचा धोका कमी. सोनोग्राफीतल्या ग्रेडवरून व्रण कळत नाहीत, आणि एसजीपीटी नॉर्मल असूनही फॅटी लिव्हर असू शकतं.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे आरोग्य केंद्र, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात, तपासणी आणि औषध मोफत आहे. पुढच्या उपचारासाठी यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. भरती व्हावं लागलं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा, रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा.

ताल बिघडल्याचं निघालं आणि रक्त पातळ करायची गोळी दिली, तर ती मनाने बंद करू नका. शेजाऱ्याने सांगितलं म्हणून ॲस्पिरिनही घेऊ नका, तिने या गुठळीपासून पुरेसं संरक्षण होत नाही. बीपी-साखरेच्या गोळ्यांची लाज धरू नका. बाबासाहेबांनाही मधुमेह होता, हे आपल्या घराघरात माहीत आहे.

आमची एक विनंती आहे. प्रत्येक वस्तीतल्या महिला मंडळाने महिन्यातून एकदा, पौर्णिमेला विहारात लोक जमतात तेव्हा, वंदनेनंतर अर्धा तास यासाठी ठेवावा. एक टेप, एक वजनकाटा, एक बीपीचं मशीन, सेकंदकाट्याचं घड्याळ आणि एक वही एवढंच लागतं. नाव, कंबर, बीपी, नाडीचा आकडा आणि पुढे ‘तालात’ किंवा ‘ताल नाही’ एवढं लिहा. ज्यांच्यापुढे ‘ताल नाही’ लिहिलं असेल, त्यांना दुसऱ्या दिवशी सोबत घेऊन ईसीजीला जा. एकट्याला पाठवलं तर माणूस मजुरी बुडते म्हणून जात नाही, हा आमचा अनुभव आहे.